मागच्या ॲक्सलचे दाते आणि गाडीचे ॲव्हरेज

विमानतळावरून पर्यटक आणणारी इनोव्हा क्रिस्टा, म्हापशाच्या बाजारात माल उतरवणारी टाटा एस, शाळेची मुले नेणारी ईको, साखळी-वाळपईकडच्या बोलेरो, कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप, खाणीवरचे टिप्पर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या गोव्यात आजही पुष्कळ आहेत. या गाड्यांच्या मालकांना गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो. गाडी डिझेल जास्त पिते अशी तक्रार केली, तर ‘क्राऊन-पिनियन बदलून बघा, ॲव्हरेज वाढेल’. चढावर ओढत नाही म्हटले, तरीही ‘क्राऊन-पिनियन बदला’. दोन्ही वेळा सल्ल्याला आधार आहे. पण ॲव्हरेजच्या बाबतीत त्यामागचे गणित कोणी मांडून दाखवत नाही. ते मांडले की आपल्या रस्त्यांवर त्यातून हाती किती लागते, हेही कळते. शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात अवघड काही नाही.

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो फुगीर लोखंडी भाग दिसतो, ते हाउसिंग. त्यात शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो आणि त्याला दात्यात दाते अडकवून बसलेला मोठा क्राऊन. पिनियन क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की येणारा आकडा म्हणजे ॲक्सलचा रेशो. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर रेशो ४.१०. चाकाचा एक फेरा पूर्ण व्हायला शाफ्टला ४.१० फेरे घ्यावे लागतात. पिनियनला १० ऐवजी ११ दाते असले की रेशो ३.७३ होतो.

आकडा मोठा असला की इंजिन जास्त फिरते, पण चाकाला जोर जास्त मिळतो. आकडा लहान असला की इंजिन सावकाश फिरते आणि जोर कमी मिळतो. सायकलने आल्तिनोची चढण चढताना आपण जो हलका गिअर लावतो, तो मोठ्या आकड्याचा; खाली मिरामारच्या सपाट रस्त्यावर लावतो तो जड गिअर लहान आकड्याचा. गाडीत फरक इतकाच की गिअरबॉक्समधले गिअर चालवताना बदलता येतात आणि हाउसिंगमधला रेशो कायमचा असतो. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक गिअरला तो गुणला जातो. म्हणून तो एकदा बदलला की सगळेच गिअर एकदम बदलतात.

आता आकडे घालून बघू. बोलेरोसारख्या गाडीवर दिसणारे २१५/७५ आर १५ या मापाचे टायर घेऊ. वजनाखाली थोडा दबलेला असा टायर एका फेऱ्यात सुमारे २.१५ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला ६२० फेरे. रेशो ४.१० असेल तर शाफ्ट २,५४० च्या आसपास फिरतो. चौथा गिअर थेट असेल, म्हणजे शाफ्टचा एक फेरा म्हणजे इंजिनाचाही एकच फेरा असेल, तर इंजिनही तितकेच फिरते. पाचवा गिअर ०.८ चा धरला तर इंजिन २,०३० वर येते. रेशो ३.७३ केला की चौथ्यात २,३१० आणि पाचव्यात १,८५०. दोन्हीकडे फेरे ९ टक्क्यांनी कमी झाले.

इथेच पहिला गैरसमज होतो. फेरे ९ टक्के कमी, म्हणजे डिझेल ९ टक्के कमी, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. गाडी ताशी ८० ने न्यायला हवा कापावी लागते आणि टायर रस्त्यावर लोळवावे लागतात. त्यासाठी जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. हाउसिंगमधल्या दात्यांना वाऱ्याचा विरोध कमी करता येत नाही. दाते बदलल्याने एवढेच ठरते की तेच काम इंजिन किती फेऱ्यांत उरकणार.

मग बचत येते कुठून? इंजिन स्वतःला फिरवण्यासाठीही इंधन खाते. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासत वरखाली होतात, बेअरिंगांत ऑइल घुसळले जाते, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबल्या जातात, ऑइलपंप आणि पाण्याचा पंप फिरतात. हा खर्च गाडी ओढण्याचा नाही. तो प्रत्येक फेऱ्यामागे द्यावाच लागतो. फेरे कमी तर हा खर्च कमी. पेट्रोल इंजिनात आणखी एक नुकसान असते. ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असतो तेव्हा हवेची वाट अर्धी बंद असते आणि पिस्टनला ती हवा जोर लावून ओढून घ्यावी लागते. कमी फेऱ्यांत तेवढेच काम करायचे तर ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबावा लागतो, हवेची वाट जास्त उघडते आणि हे नुकसान घटते. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा अशी अडवलेली नसते, म्हणून तिथे हा दुसरा फायदा जवळजवळ मिळत नाही. लहान आकड्याच्या रेशोचा लाभ पेट्रोल गाडीला डिझेलपेक्षा थोडा जास्त होतो, तो यामुळे.

किती, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. चौकोनी बांध्याची, पावणेदोन टनांची डिझेल गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० ने जात असताना चाकांपाशी सुमारे १३ किलोवॅट लागतात. गिअरबॉक्स आणि हाउसिंगच्या घर्षणात एखादा किलोवॅट जातो. अडीच लिटरचे इंजिन २,००० फेऱ्यांना स्वतःवर ६ किलोवॅटच्या आसपास खर्च करते. एकूण २०. रेशो ४.१० वरून ३.७३ केला की यातले फक्त शेवटचे ६ कमी होतात, तेही ९ टक्क्यांनी, म्हणजे साधारण अर्ध्या किलोवॅटने. वीसमधला अर्धा. बचत झाली अडीच ते तीन टक्के. लिटरला १३ देणारी गाडी १३.४ देईल. पेट्रोल गाडीत हवेचा फायदा धरून आकडा थोडा वर जाईल, पण कुणी २० टक्क्यांची खात्री देत असेल तर ती या गणितात कुठेच बसत नाही.

याच हिशेबात वेग बदलून बघितला की डोळे उघडतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी ६० ने गेले तर हवेचा विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. चाकांपाशी लागणारी ताकद १३ वरून ७ किलोवॅटवर, इंजिनाचा स्वतःचा खर्च ६ वरून साडेचारवर. किलोमीटरमागे हिशेब केला तर इंधन सुमारे २० टक्के कमी. हाउसिंग उघडायला नको, एक पैसा खर्च नको, आणि लाभ दाते बदलून मिळणाऱ्या लाभाच्या सहा-सातपट. हे प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते.

तरीही दाते बदलून बचत होते हे खरे आहे, आणि कारखानदारांनी ते मोठ्या प्रमाणावर केलेही आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आली आणि १९७५ मध्ये गाड्यांच्या ॲव्हरेजबाबत कायदा झाला. तिथल्या कंपन्यांनी मग मागच्या ॲक्सलचे रेशो २.७३, २.५६, अगदी २.४१ पर्यंत खाली आणले. तिथे हे जमले, कारण इंजिने मोठी होती, कमी फेऱ्यांतही त्यांना भरपूर जोर होता, आणि रस्ते तासन्‌तास एकाच वेगाने जाता येण्यासारखे होते. या तीन गोष्टींपैकी आपल्याकडे किती आहेत हा खरा प्रश्न आहे.

गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. पत्रादेवीहून पोळेपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ हा आपला सर्वांत लांब सलग पट्टा. तो बराचसा रुंद झाला आहे. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू झाला, जुवारीवरही नवा पूल आला. पण या रस्त्यावरसुद्धा पर्वरी, वेर्णा, मडगावच्या आसपास वेग सारखा खालीवर होतो, आणि दक्षिणेत करमल घाट लागतो. मोठा रस्ता सोडून आत शिरलो की एका वळणामागे दुसरे वळण, गावातला अरुंद रस्ता, रस्त्यात बसलेली गुरे, शाळेपुढचे गतिरोधक. गोव्यातल्या गाडीचे बहुतेक आयुष्य ताशी ४० ते ६० च्या मधे जाते.

आता वरचाच हिशेब ताशी ६० ला करू. रेशो ४.१० असताना पाचव्या गिअरमध्ये इंजिन १,५२५ वर फिरते. डिझेल इंजिनाला ते कसेबसे पुरते. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, नुकताच जागा होत असतो. रेशो ३.७३ केला की तेच १,३९० वर येते. इथे टर्बोचा दाब नसतो. पुढे लहानशी चढण आली, समोरच्या बसला ओलांडायचे झाले, की गाडी धडधडते, धूर सोडते, ‘पाचवा धरत नाही’ अशी तक्रार सुरू होते. चालक साहजिकच चौथा टाकतो. चौथ्यात इंजिन १,७३५ वर. आधी पाचव्यात १,५२५ वर निवांत जाणारी गाडी आता चौथ्यात २०० फेरे जास्त फिरतेय. फेरे कमी करण्यासाठी खर्च केला आणि फेरे वाढले.

हा फरक किती नाजूक आहे ते काढता येते. चौथा आणि पाचवा यांत २५ टक्क्यांचे अंतर आहे, आणि दाते बदलून मिळालेली घट ९ टक्के. पूर्वी पाचव्यात कापल्या जाणाऱ्या अंतरापैकी ४० टक्के अंतर आता चौथ्यात कापावे लागले, तर सरासरी फेरे पुन्हा होते तिथेच येतात. म्हणजे फायदा शून्य. फोंडा–पणजी, डिचोली–म्हापसा, कुडचडे–मडगाव अशा रोजच्या मार्गांवर हे ४० टक्के सहज भरतात. माझ्या मते गोव्यात ॲव्हरेजसाठी लहान आकड्याचा रेशो बसवण्याविरुद्ध सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

फेरे फार खाली ठेवून गाडी रेटत राहणे इंजिनालाही चांगले नाही. कमी फेऱ्यांत मोठा भार पडला की क्रँकच्या बेअरिंगांवर प्रत्येक स्फोटाचा धक्का जास्त बसतो, ऑइलचा दाबही कमी असतो, आणि पेट्रोल इंजिनात टकटक आवाज येऊ लागतो.

घाटातले गणित वेगळेच आहे. चोर्ला किंवा अनमोड चढताना ताकद जाते ती मुख्यतः वजन वर उचलण्यात. माणसांसकट २ टनांची गाडी, १०० मीटरला ५ मीटर चढ, वेग ताशी ४०: फक्त वर चढण्यासाठीच सुमारे ११ किलोवॅट लागतात. हे काम कुठल्याही रेशोने कमी होत नाही. दुसरा टाकावा की तिसरा, एवढाच प्रश्न उरतो, आणि रेशो लहान केल्यावर उत्तर वारंवार ‘दुसरा’ येते. शिवाय चढावर थांबून पुन्हा सुटताना पहिल्या गिअरमध्येही जोर ९ टक्के कमी मिळतो. तो चालक क्लच घासून भरून काढतो. भरलेल्या गाडीने रोज घाट करणाऱ्याच्या क्लचप्लेटचे आयुष्य त्यात कमी होते.

उलट बाजूही बघितली पाहिजे. कुळ्याच्या जीप जंगलातून, ओढ्यांच्या पाण्यातून दूधसागरकडे जातात. त्यांना ताशी ८० चा काही उपयोग नाही. सावकाश फिरणारे चाक आणि भरपूर जोर हीच त्यांची गरज. पूर्वी आपल्याकडे ज्या विलीस बांध्याच्या जीप महिंद्राने जोडल्या, त्यांच्या क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असत. रेशो ५.३८. शेतातून, दगडधोंड्यांतून ती जीप कुठेही जाई, पण ताशी ८० ला इंजिन ३,२०० च्या पुढे फिरत असे. अशी जीप आता कुणी फक्त महामार्गावर चालवत असेल, तर तिचा रेशो खाली आणल्याने आवाज आणि इंधन दोन्हींत जाणवण्यासारखा फरक पडतो. खाणीवरच्या टिप्परांना याच कारणाने मोठ्या आकड्याचा रेशो असतो आणि लांब पल्ल्याच्या मालट्रकांना लहान. कंपनी एकाच इंजिनाला कामाप्रमाणे वेगवेगळे दाते देते, ते उगाच नव्हे.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे या विषयावर इतकी परस्परविरोधी मते ऐकू येतात. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटर आणि किलोमीटर मोजणारा काटा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी जोडलेला असतो. तो चाकाचे फेरे मोजत नाही, शाफ्टचे मोजतो, आणि त्यावरून अंतराचा अंदाज करतो. हा अंदाज मूळ रेशो धरून केलेला असतो. ४.१० काढून ३.७३ बसवला की १०० किलोमीटर जायला शाफ्ट ९ टक्के कमी फिरतो आणि काटा ९१ च दाखवतो. गाडीने खरोखर १४ चे ॲव्हरेज दिले असले तरी मालकाच्या हिशेबात पावणेतेरा येते. ‘बदलले आणि ॲव्हरेज पडले’ असे तो सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्याने ३.७३ काढून ४.१० बसवला. त्याचा काटा १०० किलोमीटरला ११० दाखवतो. गाडी खरोखर साडेबारा देत असली तरी त्याला पावणेचौदा दिसते. पिक-अपही वाढला आणि ॲव्हरेजही, असे तो मनापासून सांगतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांचा काटा चुकतोय. काट्याची ही चूक ९-१० टक्क्यांची आणि खरा फरक तीन टक्क्यांचा, त्यामुळे चूकच सगळे झाकून टाकते. ज्या गाड्यांत वेग चाकांजवळच्या एबीएस सेन्सरवरून घेतला जातो, त्यांत हा घोळ होत नाही. आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे माहीत नसेल तर मोबाइलवरचे जीपीएस लावून वीसेक किलोमीटर जा आणि दोन्ही अंतरे ताडून पाहा. काटा चुकत असेल तर स्पीडोमीटरला फिरवणारा प्लास्टिकचा लहान गिअर बदलून तो पुष्कळदा दुरुस्त करता येतो.

टायर बदलल्यावरही नेमके हेच होते, आणि टायर बदलणारे लोक दाते बदलणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. थार, जिप्सी, जुन्या जीप यांना मोठे टायर घालण्याची हौस गोव्यात बरीच दिसते. वरच्या उदाहरणातला टायर सुमारे ७०३ मिलिमीटर उंच आहे. त्या जागी ३१ इंची, म्हणजे ७८७ मिलिमीटरचा टायर आला की उंची १२ टक्क्यांनी वाढते. हाउसिंगला हात न लावता ४.१० चा रेशो ३.६६ असल्यासारखा वागू लागतो. पण नुसत्या रेशोबदलात न येणारे आणखी दोन तोटेही येतात. टायर जड असतो, आणि त्याची खोल, जाड नक्षी रस्त्यावर जास्त विरोध करते. गाडी मंद होते, पाचवा धरत नाही, काटा कमी अंतर दाखवतो, ॲव्हरेज कागदावरही पडते आणि खरोखरही पडते.

अशा गाडीला मोठ्या आकड्याचा रेशो लावल्याने ॲव्हरेज सुधारू शकते. क्राऊन ४१ आणि पिनियन ९ घेतला तर रेशो ४.५६. तो ३१ इंची टायरबरोबर जवळजवळ मूळच्या जागी येतो. चालकाला पाचवा पुन्हा वापरता येतो, क्लच वाचतो, आणि गंमत म्हणजे काटाही पुन्हा बरोबर दाखवू लागतो, कारण टायरची चूक आणि दात्यांची चूक एकमेकींना खोडतात. मोठा आकडा म्हणजे नेहमी जास्त इंधन, हा नियम नव्हे. पण इथे माझे प्रामाणिक मत असे, की ॲव्हरेजचीच काळजी असेल तर मूळ मापाचा टायर परत घालणे स्वस्त आणि जास्त परिणामकारक. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. चाके, टायर किंवा ॲक्सलला हात लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घ्यावे.

खर्चाचे बघू. समजा गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालते आणि १३ चे ॲव्हरेज देते. वर्षाला साधारण १,५४० लिटर डिझेल झाले. सगळे अंतर महामार्गावर ताशी ८० ने कापले असे धरले तरी ३ टक्के म्हणजे ४६ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाला ४,६०० रुपये. निम्मे अंतर गावांत आणि घाटांत गेले तर २,३०० किंवा त्याहूनही कमी. आपल्या गाडीच्या क्राऊन-पिनियनची जोडी, नवी बेअरिंगे, ऑइलसील आणि मजुरी यांचा भाव गॅरेजमध्ये विचारा आणि या आकड्याने भागा. किती वर्षांत पैसे सुटतील ते लगेच दिसेल. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर खर्च दुप्पट, कारण पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचे रेशो सारखे असावे लागतात. एकच बदलून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावले, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, तुटू शकते.

कामही नाजूक आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून जोडीनेच घ्यावे लागतात; यातला एक इकडून, एक तिकडून चालत नाही. पिनियन किती आत बसतो ते पातळ चकत्या घालून ठरवायचे, बेअरिंग किती घट्ट ते मोजायचे, आणि दोन्हींच्या दात्यांमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी मोकळीक ठेवायची. मग दात्यांना रंग लावून फिरवून बघायचे की ठसा दात्याच्या मधोमध उमटतो का. हे डायल गेज, म्हणजे बारीक मोकळीक मोजणारे काट्याचे मापक, न लावता, नुसत्या हाताच्या अंदाजाने केले, तर हाउसिंग ५० च्या पुढे हूं करून वाजू लागते आणि काही महिन्यांत दाते खाते. तिथले घर्षण वाढले की तीन टक्क्यांची बचत आणखी खाली येते. काम देण्याआधी मेस्त्रीकडे डायल गेज आहे का, ठसा तुम्हाला दाखवणार का, हे विचारायला संकोच करू नये. नव्या जोडीवर सुरुवातीचे काही शे किलोमीटर जड ओझे नको, आणि त्यानंतर हाउसिंगचे ऑइल बदलावे. ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. या दात्यांना सहसा जीएल-५ दर्जाचे लागते. दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, आणि साधे ऑइल तिथे टिकत नाही.

स्विफ्ट, वॅगन-आर, आय-२० यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागे हाउसिंग नसतेच. त्यांचा शेवटचा रेशो गिअरबॉक्सच्या आत असतो. वरचे सगळे गणित त्यांनाही लागू होते, पण बदलायचे तर गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो, म्हणून ते सहसा कुणी करत नाही.

आपल्या गाडीचा रेशो किती ते घरीही काढता येते. सपाट जागी गाडी उभी करून पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, मागचे एकच चाक जॅकने उचला आणि स्टँडवर टेका. हँडब्रेक सोडा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. एक चाक जमिनीवर अडकलेले असल्याने डिफरन्शियलमुळे (हाउसिंगमधली, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा. म्हणून चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरला ते दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. चारपेक्षा थोडे जास्त आले तर ४.१० च्या आसपास, पावणेचारच्या जवळ आले तर ३.७३. लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या गाडीला मात्र ही पद्धत लागू होत नाही.

आणि ॲव्हरेज काढायचे तर आधी हवा भरून घ्या, चाके थंड असताना. त्याच पंपावर, त्याच बाजूला गाडी उभी करून, नळी पहिल्यांदा बंद होईल तिथपर्यंत टाकी भरा. रोजच्याच रस्त्यावर जाऊन परत या म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्हीकडचे धरले जातील. अंतर जीपीएसवरून घ्या. एका टाकीवरून काही ठरवू नका. तीन टक्क्यांचा फरक एका टाकीत दिसत नाही, चार-पाच टाक्यांची सरासरी लागते. हे आकडे दाते बदलण्याच्या आधी काढून ठेवले नसतील, तर नंतर काढलेल्या आकड्याची तुलना करायला काहीच हाती नसेल.